चक्रीवादळानंतर घरचा पोहण्याचा तलाव: पाणी उपसण्याची घाई करू नका

फ्लोरिडातील सारासोटा येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी मिल्टन चक्रीवादळ जवळच्या सिएस्टा की येथे धडकले. त्यात त्यांच्या परसातील काँक्रीटच्या तलावावरचा ॲल्युमिनियमचा जाळीचा पिंजरा मोडून अर्धा पाण्यात पडला, मागच्या कालव्याचे गढूळ पाणी फरशीवरून तलावात शिरले, वीज बरेच दिवस नव्हती आणि आता पाणी काळपट हिरवे होऊन तळ दिसेनासा झाला आहे. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की पंप भाड्याने आणून सगळे पाणी उपसून टाकावे आणि तलाव घासून नव्याने भरावा. दिवाळीला पुण्याहून लहान मुलांसह पाहुणे यायचे आहेत. तोपर्यंत तलाव वापरता येईल का आणि यातले कोणते काम घरी करावे, असे त्यांनी विचारले आहे. या किनाऱ्यावर तलाव बांधण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, त्यामुळे थोडे सविस्तरच लिहितो.

सर्वांत आधी शेजाऱ्यांच्या सल्ल्याविषयी. तलाव उपसू नका; अर्धाही उपसू नका. मिल्टनच्या वेळी उत्तरेकडे फ्लोरिडातल्याच सेंट पीटर्सबर्गला 18 इंचांहून अधिक पाऊस पडला. तुमच्या भागातील रेताड जमीनही आधीच्या महिन्यांतील पावसाने भिजलेलीच होती. अशा वेळी भूजलाची पातळी परसाच्या पृष्ठभागापासून फूट-दोन फुटांवर येऊन ठेपते, म्हणजे तलावाचा तळ आणि भिंतींचा मोठा भाग जमिनीखालच्या पाण्यात बुडालेला असतो. तलाव भरलेला आहे तोवर आतले पाणी बाहेरच्या दाबाला तोलून धरते. आतले पाणी काढले की तलाव होडीसारखा वर उचलला जातो.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही, हिशेब साधा आहे. तुमचा तलाव 30 फूट लांब, 15 फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल आहे असे धरू. त्यात सुमारे 15,000 गॅलन, म्हणजे 57,000 लिटरच्या आसपास पाणी मावते. त्याच्या 450 चौरस फूट तळावर भूजलाच्या प्रत्येक फूट उंचीमागे सुमारे 28,000 पौंड, म्हणजे साडेबारा टनांहून अधिक दाब खालून वर लागतो. भूजल तळाच्या तीन फूट वर असेल तर हा आकडा अडतीस टनांवर जातो. काँक्रीटचा सांगाडा आपल्या वजनाने त्याला काही काळ तोंड देईल, पण एखाद्या रात्री पुन्हा जोराची सर आली की कडेची फरशी उचकटते, पाइप तुटतात आणि तलाव काही इंच वर येऊन वाकडा बसतो. असा वर आलेला तलाव पुन्हा खाली बसवणे बहुधा शक्य नसते, तो फोडावा लागतो. फायबरग्लासचा तलाव हलका असल्यामुळे त्याचा धोका याहून मोठा असतो. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तलावात अस्तर फुगून भिंतीपासून सुटते. महाराष्ट्रातही पावसाळ्यात इमारतीच्या बांधकामावरची जमिनीखालची रिकामी टाकी वर उचलली गेल्याचे अनेक अभियंत्यांनी पाहिले असेल. कारण तेच आहे.

तळाच्या ड्रेनमध्ये भूजलाचा दाब सोडणारी झडप असते, मग भीती कशाची, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. झडप असते हे खरे, पण गाळ आणि पाने तिच्यावर बसलेली असताना ती उघडेल याची हमी मी देणार नाही. शिवाय ती उघडली तर बाहेरचे गढूळ पाणीच आत येणार. तलावात आता जे पाणी आहे ते घाण असले तरी तलाव त्याच्याच जोरावर जागेवर बसलेला आहे, म्हणून ते आहे तिथेच स्वच्छ करायचे.

पाण्याला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी करायच्या आहेत. पहिली विजेची. मुख्य पॅनेलमधला तलावाचा ब्रेकर बंद करा, पंपाशेजारच्या स्वतंत्र पॅनेलमधलाही बंद करा आणि वीज परत आली तरी ते बंदच ठेवा. कालव्याचे पाणी यंत्रांच्या चौथऱ्यावर कुठवर चढले होते ते चिखलाच्या रेषेवरून कळते. ती रेषा मोटरच्या निम्म्यावर असेल तर मोटर वाळवून चालू करण्याच्या भानगडीत पडू नये, ती बदलावीच लागते. बुडालेले ब्रेकर, टायमर आणि मीठ-क्लोरीन यंत्राचे (पाण्यातील मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचे) नियंत्रक यांनाही हाच नियम लागू आहे. मोटर नुसती पावसात भिजली असेल तर सहसा काही होत नाही. आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. पिंजऱ्याचे खांब, पंप, शिडी आणि तलावातील पोलादी सळ्या एकाच उघड्या तांब्याच्या तारेने जोडलेल्या असतात, जेणेकरून त्यांच्यात विजेच्या दाबाचा फरक राहू नये. पिंजरा उपटला गेला की ही तार खांबाच्या पायथ्याशी तुटलेली आढळते. वरून पाहता तो चार इंचांचा लोंबता तुकडा असतो, पण तो जोडल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेण्याची ही पहिली जागा आहे. वीज नसताना जनरेटर लावणार असाल तर तो घरापासून निदान 20 फूट दूर आणि दारे-खिडक्यांपासून उलट दिशेला तोंड करून ठेवा. वादळानंतरचे कितीतरी मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने होतात.

दुसरी गोष्ट मुलांची. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार घरच्या तलावाभोवती किमान 4 फूट उंचीचे कुंपण किंवा तशीच मान्य सोय लागते, आणि बहुतेक घरांत जाळीचा पिंजरा हेच ते कुंपण असते. पिंजरा पडला त्या क्षणी तुमचा तलाव उघडा झाला. अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे, आणि काळ्या पाण्यात पडलेले मूल वरून दिसतही नाही. बाजारात मिळणारे जाळीचे तात्पुरते कुंपण आजच लावा, घराच्या मागच्या दाराला वर कडी बसवा. पिंजरा दिवाळीपूर्वी उभा राहणार नाही, हे निश्चित धरा: वादळानंतर पिंजरे उभारणाऱ्यांकडे कित्येक महिन्यांची रांग असते. पाहुणे येतील तेव्हा हे तात्पुरते कुंपणच असेल, तेव्हा ते पक्के असू द्या.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. काडी हलवण्यापूर्वी पिंजरा, पंप, चिखलाची रेषा, फरशीतील भेगा आणि पाण्याचा रंग यांची छायाचित्रे चारही बाजूंनी घ्या. विम्याविषयी अपेक्षा मात्र माफक ठेवा. राष्ट्रीय पूर विमा योजनेच्या प्रमाणित पॉलिसीत पोहण्याचे तलाव आणि त्यांचे हीटर, फिल्टर, पंप व पाइप वगळलेले आहेत. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याने झालेले नुकसान येते, पण पुराचे येत नाही. जाळीच्या पिंजऱ्यासाठी बऱ्याच वेळा वेगळे कलम घ्यावे लागते. चक्रीवादळाची स्वभार रक्कम, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग, सहसा घराच्या विमा रकमेच्या 2 टक्के किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे नुसत्या तलावाचा दावा बहुधा त्या मर्यादेतच संपतो. तरीही कळवून ठेवा, कारण फ्लोरिडात नवा दावा नोंदवायला एका वर्षाची मुदत आहे आणि फरशीखालचे नुकसान उशिरा उघड होते.

आता प्रत्यक्ष सफाई. मोडलेला पिंजरा ओढून काढू नका. ॲल्युमिनियमची तुटलेली कड प्लास्टर खरवडत जाते. जोड सोडवून एकेक नळी दोघांनी उचलून बाहेर घ्यावी. पाण्यात पडलेले स्क्रू आणि खिळे चुंबकाने किंवा हाताने शोधावे लागतात, कारण दोन दिवसांत त्यांच्याखाली प्लास्टरवर गंजाचा तपकिरी डाग पडतो. पाने काढायला लांब दांड्याची, खोल पिशवीची जाळी वापरा. तळ दिसत नसल्याने आंधळेपणानेच काम करावे लागते: जाळी समोरच्या भिंतीपर्यंत नेऊन तळाला टेकवायची आणि हळूहळू आपल्याकडे ओढायची, म्हणजे गाळ ढवळला न जाता पाने पिशवीत येतात. घाईने ओढली तर पाने पुढे पळतात आणि पाणी आणखी काळे होते. पानांच्या या थराची काळी, कुजक्या वासाची पेंड होते आणि क्लोरीन खाऊन टाकण्यात तिच्याइतकी तरबेज दुसरी गोष्ट नाही, म्हणून ती पूर्ण निघेपर्यंत रसायनांवर पैसे घालू नयेत. पाने व्हॅक्यूमने ओढण्याचा मोहही टाळा. स्किमरखालच्या (पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणाऱ्या काठावरच्या तोंडाखालच्या) वळणावर पाइप तुंबला तर फरशी फोडून दुरुस्ती करावी लागते.

हातात जाड रबरी मोजे हवेत आणि पायावर जखम असेल तर पाण्यात उतरू नये. कालव्याच्या पुरात सांडपाणी मिसळलेले असते असेच गृहीत धरावे. 2022 मध्ये इयान चक्रीवादळानंतर फ्लोरिडातील ली काउंटीत व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जिवाणूच्या संसर्गाचे रुग्ण वाढले होते, आणि तो जखमेतून शिरतो. स्किमरचे झाकण उचलताना बोटे आत घालण्याआधी काठीने पाहा, तिथे साप बसलेले असतात. मगर दिसली तर राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा, स्वतः काही करू नका. वीज नसलेल्या काळात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून बीटीआय या जिवाणूच्या तरंगत्या गोळ्या टाकता येतात.

पाने निघाल्यावर पाण्याची चाचणी करायची. रंगाच्या पट्ट्या या कामाला अपुऱ्या आहेत. थेंब मोजून क्लोरीन काढण्याचा संच घ्या, कारण आपल्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त क्लोरीन मोजायचे आहे. आधी पीएच पाहून तो 7.2 च्या आसपास आणा, कारण क्लोरीन 10 पीपीएमच्या (पाण्याच्या दहा लाख भागांत 10 भागांच्या) वर गेले की पीएचची चाचणी खोटे आकडे दाखवते. त्यानंतर सायन्युरिक आम्ल मोजा, ज्याला दुकानात स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात. हे आम्ल उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते आणि त्याच वेळी त्याची धारही कमी करते. म्हणून किती क्लोरीन हवे ते या आकड्यावर ठरते: सर्वसाधारणपणे त्याच्या 40 टक्के. ते 30 पीपीएम असेल तर क्लोरीन 12 पीपीएमवर आणि 50 असेल तर 20 वर नेऊन तिथे टिकवायचे. इतक्या पावसाने तुमच्याकडे हे आम्ल बरेच पातळ झालेले असेल. अगदी शून्याजवळ निघाले तर 30 पर्यंत आणून मग सुरुवात करा. यासाठीच या कामात क्लोरीनच्या गोळ्या वापरू नयेत, कारण त्या प्रत्येक वेळी हे आम्ल वाढवत नेतात. साधे द्रव क्लोरीन वापरा. 12.5 टक्क्यांच्या द्रावणाचा एक गॅलन तुमच्या 15,000 गॅलनांत साधारण 8 पीपीएम वाढवतो, म्हणजे पहिल्या मात्रेला दीड गॅलन लागेल.

ही मात्रा एकदा टाकून काम संपत नाही, आणि बहुतेक लोक फसतात ते इथेच. सकाळी 12 वर नेलेले क्लोरीन पहिल्या दिवशी दोन तासांत 3 वर येते, लोक निराश होऊन दुकानात जातात आणि तिथे शेवाळनाशक, फॉस्फेटनाशक आणि पाणी चमकवणारी बाटली घेऊन येतात. यातल्या कशाचीही गरज नाही. पातळी घसरली की पुन्हा 12 वर न्या. पहिल्या दोन दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा, पुढे सकाळ-संध्याकाळ. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा आणि दिव्याच्या खोबणीची कड रोज ब्रशने घासा, कारण शेवाळ्याचा चिकट थर मोडल्याशिवाय क्लोरीन आत पोहोचत नाही. कधीकधी क्लोरीन टाकल्यावर दहा मिनिटांतच शून्य दिसते. साचलेल्या पाण्यातील जिवाणूंनी सायन्युरिक आम्लाचे अमोनियात रूपांतर केल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी दर दहा-पंधरा मिनिटांनी 10 पीपीएमची मात्रा देत अमोनिया संपवावा लागतो. बाटल्या भराभर रिकाम्या होतात, पण दुसरा मार्ग नाही.

विद्युत तपासणी होऊन पंप चालू झाला की तो चोवीस तास चालवा. सुरुवातीला पाणी फक्त स्किमरमधून ओढा आणि तळाचा ड्रेन बंद ठेवा, म्हणजे तळाचा गाळ पाइपात जाणार नाही. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब लिहून ठेवा आणि तो 8 ते 10 पीएसआयने (चौरस इंचाला पौंड) वाढला की कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरमधले घड्यांचे नळकांडे, काढून बागेच्या पाइपने वरून खाली घडीघडीतून धुवा. पहिल्या दिवसांत हे रोज, क्वचित दोनदाही करावे लागेल. वीज आलेलीच नसेल तर क्लोरीन कडेने ओतून ब्रशने पाणी ढवळत राहणे इतके तरी करता येते. त्याने पाणी स्वच्छ होत नाही, फक्त आणखी बिघडत नाही.

मराठी घरात गढूळ पाणी म्हटले की तुरटी आठवतेच, आणि इथेही ती चालते. तलावाच्या दुकानात मिळणारे ॲल्युमिनियम सल्फेट हे तिच्याच जातीचे रसायन आहे आणि तेच काम करते. ती गाळाला धरून तळाशी बसवते आणि मग तो थर व्हॅक्यूमने थेट बाहेर टाकायचा असतो. अडचण अशी की कार्ट्रिज फिल्टरच्या तलावात पाणी फिल्टरला वळसा घालून बाहेर काढण्याची वाट बहुधा नसते, आणि तुरटीचा चिखल कार्ट्रिजमध्ये गेला तर ती फेकावी लागते. तुमच्या पाइपांवर तशी झडप असेल तरच वापरा. बाहेर जाणाऱ्या पाण्याइतके ताजे पाणी नळाने आत सोडत राहा आणि हे पाणी रस्त्यावरच्या पावसाच्या नाल्यात किंवा कालव्यात सोडू नका.

रसायनांच्या साठवणीविषयी एक कडक सूचना. गॅरेजमध्ये पाणी शिरले असेल आणि क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा ओला झाला असेल तर तो बंद खोलीत उघडू नका. 27 ऑगस्ट 2020 रोजी लॉरा चक्रीवादळात लुइझियानातील लेक चार्ल्सजवळच्या एका कारखान्यात छप्पर उडून अशाच रसायनावर पावसाचे पाणी पडले. आग लागली आणि क्लोरीन वायू पसरला. घरातला डबा लहान असला तरी रसायन तेच. कॅल्शियम हायपोक्लोराइटची (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) भुकटी आणि ट्रायक्लोरच्या, म्हणजे नेहमीच्या क्लोरीनच्या, गोळ्या एकाच भांड्यात कधीही येऊ देऊ नका, एकाचे माप दुसऱ्यात घालू नका, आणि आम्ल व क्लोरीन एकाच वेळी तलावात ओतू नका.

तुमच्याकडे आलेले पाणी कालव्याचे आहे, पण त्या कालव्यात समुद्राचे पाणी चढले असण्याची शक्यता आहे, म्हणून मिठाची चाचणी जरूर करा. समुद्राच्या पाण्यात सुमारे 35,000 पीपीएम मीठ असते, मीठ-क्लोरीन यंत्राला साधारण 3,000 ते 3,500 लागते. आकडा 6,000 च्या वर असेल तर हीटरमधील तांबे आणि स्टेनलेसचे स्क्रू यांना ते मानवत नाही आणि काही पाणी बदलावे लागेल, तेही भूजल खाली गेल्यावर. खारे पाणी जड असल्यामुळे तळाशी राहते. याचा फायदा घेऊन पाणबुडी पंपाने तळातून उपसायचे आणि त्याच गतीने वरून गोडे पाणी अलगद सोडायचे, म्हणजे पातळी एका फुटाहून अधिक न उतरता मीठ कमी होते. ताज्या पाण्यासाठी विहिरीचे लोहयुक्त पाणी वापरू नका; क्लोरीनशी गाठ पडताच ते तपकिरी होऊन प्लास्टरवर बसते.

पाणी निवळल्यावर डाग दिसू लागतील. डागावर क जीवनसत्त्वाची, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाची, एक गोळी अर्धा मिनिट दाबून धरा. खालचा भाग पांढरा झाला तर डाग लोखंडाचा आहे आणि तो त्याच आम्लाने निघतो. पानांचे डाग जास्त क्लोरीनच्या पाण्यातच हळूहळू फिके होतात, त्यांना काही करावे लागत नाही. सगळे प्लास्टर आम्लाने धुऊन घेण्याचा आग्रह कोणी धरला तर नकार द्या, कारण त्यासाठी तलाव रिकामा करावा लागतो आणि आपण फिरून पहिल्या धोक्याशी येतो.

पोहायला केव्हा उतरावे, याला नजरेचा अंदाज पुरत नाही. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजा. रात्रीत 1 पीपीएमहून अधिक घट झालेली नसावी, संयुक्त क्लोरीन (घाणीशी जोडले जाऊन जवळजवळ निकामी झालेले) 0.5 पीपीएम किंवा कमी असावे आणि सर्वांत खोल भागातील ड्रेनची जाळी काठावरून स्पष्ट दिसावी. या तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्यावर क्लोरीन आपोआप नेहमीच्या पातळीवर उतरू द्या आणि पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान ठेवा. पंप चालू असेल तर तुमच्यासारख्या पाण्याला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीपर्यंत पाणी तयार होऊ शकते, पण तारेची जोडणी आणि कुंपण यांच्याशिवाय नाही.

पाण्याचे काम घरी करण्यासारखे आहे. वीज, पिंजरा आणि फरशी ही कामे परवानाधारकाला द्या, आणि परवाना क्रमांक राज्याच्या व्यवसाय नियमन विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. वादळानंतर दुसऱ्या राज्यांतून आलेले लोक दारोदार फिरून आगाऊ रक्कम मागतात. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार कंत्राटदाराने एकूण रकमेच्या 10 टक्क्यांहून अधिक आगाऊ घेतली असेल तर त्याने 30 दिवसांत बांधकाम परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. करारात पिंजऱ्याच्या नव्या खांबांची तांब्याच्या तारेशी जोडणी आणि तिची तपासणी ही दोन्ही कामे वेगळ्या ओळीत लिहून घ्या, कारण पिंजरा उभारणारे लोक ते इलेक्ट्रिशियनचे काम मानतात आणि इलेक्ट्रिशियन ते पिंजरा उभारणाऱ्यांचे.